शून्यापासून इटालियन: नेमकं कुठलं पुस्तक घेऊ?

डिचोलीकरीण (डिचोली)

नमस्कार मंडळी,

माझे मिस्टर इटलीत ब्रेशियाजवळ लुमेद्झाने गावात असतात, तिथल्या नळांच्या कारखान्यात कामाला. फॅमिली व्हिसाचे कागद आता मार्गी लागलेत. पुढचा पावसाळा सरला की मी आणि मुलगी तिकडे जाऊ असं दिसतंय. मुलगी तीन वर्षांची आहे. तोवर बाजारहाट, डॉक्टर, तिची शाळा एवढं तरी मला माझ्या तोंडाने बोलता यायला हवं. मिस्टरांची सकाळची पाळी असते, प्रत्येक ठिकाणी ते सोबत येणार नाहीत आणि तसं त्यांच्यावर अवलंबून राहायची माझीही इच्छा नाही.

माझं चौथीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं, पुढचं इंग्रजीतून. इंग्रजी वाचते, कळतं. पण इंग्रजीतून इटालियन शिकायला बसले की आधी इंग्रजी वाक्य, मग मनात त्याचं मराठी, मग इटालियन अशी ओढाताण होते आणि अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं. मध्यंतरी आगाऊ पैसे भरून एक ऑनलाइन क्लासही लावला होता. तिथे स्क्रीनवर क्रियापदांचे तक्ते यायचे आणि ते पाठ करायचे, बस्स. ऐकायला काही नाही, बोलायला काही नाही. तो सोडला.

मराठीतून इटालियन शिकवणारं धड पुस्तक मला तरी मिळालेलं नाही. नेटवर शोधलं तर इतकी नावं येतात की काय घ्यावं तेच कळत नाही. मिस्टर पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतायत, त्यांना तिकडून आणायला सांगता येईल. म्हणून विचारते: पहिलं पुस्तक कुठलं? व्याकरणाचं वेगळं घ्यावं का? आणि मोबाइलवरच्या कुठल्या गोष्टी खरंच उपयोगी पडतात? अभ्यासाला वेळ मिळतो तो दुपारी मुलगी झोपल्यावर आणि रात्री जेवणं आटोपल्यावर.

---

तारवटी (वास्को)

ताई, मी बोटीवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात होतो, इटालियन कंपनीच्या क्रूझवर. आमचे शेफ आणि बरेचसे अधिकारी इटालियन. मी पुस्तक एकही उघडलं नाही, कानानेच शिकलो. तुम्हालाही तेच सांगेन: आधी ऐका. राय या सरकारी वाहिनीचं रायप्ले साउंड म्हणून अ‍ॅप आहे, त्यावर रेडिओ लावून ठेवायचा. स्वयंपाक करताना चालू राहू दे. सुरुवातीला काही कळणार नाही, पण वाक्य कुठे चढतं, कुठे उतरतं ते कानात बसतं.

दुसरं, आकडे. शंभरपर्यंतचे आकडे असे तयार ठेवा की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आले पाहिजेत. किंमत, वेळ, बसचा नंबर, फोन नंबर, जन्मतारीख, सगळं आकड्यांतच असतं. घरातल्या कुणालाही सांगा, मोबाइलमधले नंबर दाखवत जा, आणि तुम्ही ते मोठ्याने इटालियनमध्ये म्हणा. पुस्तकात आकड्यांना एक पान असतं, ते उलटून लोक पुढे जातात आणि दुकानात गल्ल्यापाशी अडकतात.

---

म्हापशाची मास्तरीण (म्हापसा)

अगं, तुझी ओढाताण वाचली आणि लगेच लिहायला बसले. मी पूर्वी हायस्कुलात मराठी शिकवायचे. लग्नानंतर बराच काळ जेनोव्हात काढला, आणि परत आल्यापासून घरी इटालियन शिकवते. माझ्याकडे तारवटी म्हणजे बोटीवरची माणसं येतात, हॉटेलांतली मुलं येतात, आणि तुझ्यासारख्या नवऱ्याकडे निघालेल्या मुलीही येतात. या सगळ्यांना शिकवून माझं एक मत पक्कं झालंय: इंग्रजीतून समजावणारं पुस्तक तू घेऊच नकोस. जे पुस्तक इटालियनमधूनच इटालियन शिकवतं ते घे, आणि व्याकरण अडलं की शाळेत शिकलेलं मराठी व्याकरण आठव. इंग्रजी मध्ये आणायचं कारणच नाही.

पहिलं पुस्तक: 'नुओव्हो एस्प्रेस्सो', भाग १. फ्लॉरेन्सच्या आल्मा एदित्सिओनी या प्रकाशनाचं आहे. ए-वन पातळी, म्हणजे अगदी पहिली पायरी. धडे आणि स्वाध्याय एकाच पुस्तकात. याच्या तोडीचं दुसरं म्हणजे एदिलिंग्वाचं 'नुओव्हिस्सिमो प्रोजेत्तो इतालियानो', भाग १. ते जास्त भरगच्च आहे, ए-वन आणि ए-टू दोन्ही पातळ्या घेतं, आणि त्याची स्वाध्याय-पुस्तिका वेगळी असते. वर्गात शिकणार असतीस तर मी प्रोजेत्तो सांगितलं असतं. पण दुपारच्या तासाभरात, मूल केव्हा उठेल याचा भरवसा नसताना, एकटीने शिकायला एस्प्रेस्सोच बरं. तिकडे साधारण वीस-पंचवीस युरोंना मिळेल. मिस्टरांना नव्यातली नवी आवृत्ती बघून घ्यायला सांग. जुनं, कुणीतरी पेनाने उत्तरं भरलेलं पुस्तक स्वस्तात मिळालं तरी नको. उत्तर डोळ्यांसमोर असलं की डोकं चालत नाही.

पुस्तक उघडल्यावर पहिल्याच पानावर बिचकशील, कारण सूचनाही इटालियनमध्येच असतात. त्यावर उपाय सोपा आहे. आस्कोल्ता म्हणजे ऐक, लेज्जी म्हणजे वाच, स्क्रीवी म्हणजे लिही, कोम्प्लेता म्हणजे रिकाम्या जागा भर, अब्बीना म्हणजे जोड्या लाव. हे पाच शब्द वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेव. जवळजवळ सगळं पुस्तक या पाचांवर चालतं.

आता एक संवाद कसा करायचा ते नीट सांगते, कारण खरं शिकणं इथेच होतं. समज, धड्यात कॉफीच्या दुकानातला संवाद आहे. पुस्तक मिटून आधी फक्त ऐक. किती माणसं आहेत, बाई की पुरुष, काही मागतायत की कुणाला भेटतायत, एवढंच ओळख. मग परत ऐक आणि कानाला लागलेले शब्द जसे ऐकू येतील तसे देवनागरीत लिही. चुकीचे असले तरी लिही. मग पुस्तक उघडून छापील संवादाशी ताडून बघ. कुठले दोन शब्द तुला एक वाटले, कुठलं अक्षर ऐकूच आलं नाही, त्याखाली पेन्सिलीने रेघ मार. त्यानंतर ध्वनिफीत लावून तिच्या जोडीने मोठ्याने म्हण, तिच्याच वेगात. शेवटी फीत बंद करून स्वतःचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐक. एक संवाद असा दोन-तीन दुपारी पुरेल. पुरू दे. या पद्धतीने निम्मं पुस्तक जरी केलंस, तरी चार पुस्तकं चाळलेल्या माणसापेक्षा जास्त बोलशील.

आता मराठीचा आधार कुठे मिळतो ते. इंग्रजीतून शिकणारी माणसं 'मी प्याचे'पाशी अडतात, पानंच्या पानं त्यावर खर्च होतात. तुला ते एका वाक्यात कळेल. मी प्याचे इल पेश्शे: मला मासा आवडतो. मी प्याच्चोनो ई गाम्बेरी: मला सुंगटं (कोळंबी) आवडतात. आवडणारी वस्तू एक असेल तर क्रियापद एकवचनी, अनेक असतील तर अनेकवचनी, आणि आपण 'मला'मध्ये. आपल्या घरात रोज बोलतो तीच रचना.

भूतकाळाचंही तसंच. 'सोनो आन्दाता' म्हणजे मी गेले, पुरुष म्हणेल 'सोनो आन्दातो', मी गेलो. जाणं, येणं, पोचणं असल्या क्रियापदांना असणे या अर्थाचं सहायक लागतं आणि कर्त्याच्या लिंगाप्रमाणे शेवट बदलतो. हा आपला कर्तरी प्रयोग. खाणं, घेणं, बघणं यांना 'आव्हेरे', म्हणजे जवळ असणे या अर्थाचं सहायक लागतं, आणि तिथे शेवट एरवी बदलत नाही. पण 'ती' किंवा 'तो' हे कर्माचं सर्वनाम क्रियापदाच्या आधी आलं की कर्माप्रमाणे बदलतो. केक इटालियनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून 'लॉ मान्जाता': ती मी खाल्ली. कर्मणी प्रयोग आठवला ना? आंबा खाल्ला, कैरी खाल्ली. इटालियनमध्ये हे फक्त त्या एका जागी होतं एवढाच फरक लक्षात ठेव. आणि लिंगं त्यांच्याकडे दोनच, नपुंसकलिंग नाही.

उच्चारात एक सवय पहिल्या दिवसापासून लाव. इटालियन त आणि द हे आपलेच त आणि द आहेत, दातांना जीभ लावून म्हणायचे. रोमन अक्षर दिसलं की आपण इंग्रजीच्या सवयीने ट आणि ड म्हणतो. ते इथे सोडायचं. ग्रात्सिएमधला 'त्स' आपल्या चमच्याच्या च सारखा, प्रान्द्झोमधला 'द्झ' आपल्या जास्तमधल्या ज सारखा. आणि जोडाक्षर दिसलं की पूर्ण दाबून म्हण. नोन्नो म्हणजे आजोबा, नोनो म्हणजे नववा. बच्चा आणि बचाव वेगळे म्हणणाऱ्या तोंडाला हे जड नाही.

व्याकरणाचं वेगळं पुस्तक आत्ता लगेच नको. निम्मा एस्प्रेस्सो झाल्यावर सुसान्ना नोक्की यांचं 'ग्राम्मातिका प्रातिका देल्ला लिंग्वा इतालियाना' घे. हेही आल्माचंच आहे. सोप्यापासून वरपर्यंत स्वाध्याय आहेत आणि मागे उत्तरं, त्यामुळे एकटीला तपासता येतं. मिस्टर आत्ताच आणत असतील तर आणू देत, पण कपाटात ठेव.

मोबाइलवर यूट्यूबचं 'ईझी इटालियन' बघ. रस्त्यावरच्या माणसांशी बोलतात, खाली इटालियन ओळी येतात. पण चार-पाच धडे झाल्यावरच, आधी नको. शब्द शोधायला 'वर्डरेफरन्स' चांगलं आहे. खेळातून शिकवणारी अ‍ॅप्स बसस्टॉपवर कदंबाची वाट बघताना ठीक. दुपारचा तास मात्र त्यांना द्यायचा नाही, तो पुस्तकाचा.

तारवटीबाबांनी आकड्यांचं सांगितलं ते शंभर टक्के खरं. रेडिओबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. बोटीवर कान तयार होतो कारण समोर माणूस असतो, हातात काम असतं, तो बोट दाखवतो ती वस्तू तुम्ही उचलता. घरात एकटीने लावलेल्या रेडिओत ते काहीच नसतं. पहिले काही महिने धड्यातलाच आवाज पुन्हा पुन्हा ऐक.

---

डिचोलीकरीण (डिचोली)

मॅडम, किती मनापासून लिहिलंत. मला आवडतं तसंच 'मी प्याचे' हे वाचल्यावर खरंच हायसं वाटलं. मिस्टरांना एस्प्रेस्सोचं नाव पाठवलं.

आणखी दोन शंका. आमचे मोठे सासरे पोर्तुगीज अमदानीत लिसेंवात (तेव्हाच्या पोर्तुगीज हायस्कुलात) शिकलेले, अजून पोर्तुगीज फाडफाड वाचतात. ते म्हणतात, ये, मी तुला आधी पोर्तुगीज शिकवतो, मग इटालियन आपोआप येईल. त्यांचं मन मोडवत नाही. काय करू? आणि मिस्टर फोनवर माझ्याशी इटालियन बोलायला तयार आहेत. त्यांचं बोलणं कारखान्यातलं आहे, ते चालेल का?

---

साखळीची, सध्या क्रेमोना

मी मूळची साखळीची, क्रेमोनाजवळ राहते, म्हणजे तुझ्या शेजारच्याच प्रांतात. माझे यजमान गोठ्यावर काम करतात. मी तुझ्यासारखीच मुलाला घेऊन आले होते, म्हणून पुस्तकांपलीकडच्या दोन-तीन गोष्टी सांगते.

इथे आल्या आल्या चीपीआची चौकशी कर. ही प्रौढांसाठीची सरकारी शिक्षणकेंद्रं. परदेशी लोकांना तिथे जवळजवळ फुकट इटालियन शिकवतात. आधी छोटी चाचणी घेऊन तुला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवतात. तू ए-वन करून आलीस तर पुढच्या वर्गात जागा मिळेल आणि वेळ वाचेल. ए-टूचा दाखला तिथूनही मिळतो, आणि पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर जो कायमचा परवाना मागतात त्याला तो चालतो. नागरिकत्वाला मात्र बी-वन लागतं, डिसेंबर २०१८ पासून तो नियम आहे. त्यासाठीच्या परीक्षा चिल्स, चेली, प्लिदा वगैरे. आत्ता त्यांच्या तयारीची पुस्तकं विकत घेऊ नकोस. बऱ्याच जणी भीतीपोटी घेतात आणि ती तशीच पडून राहतात.

दुसरं, मिस्टरांना गावच्या वाचनालयाचं, बिब्लिओतेका कोमुनालेचं, कार्ड काढायला सांग. फुकट असतं. ब्रेशिया आणि क्रेमोना प्रांतांच्या वाचनालयांचं एकच जाळं आहे, एका ठिकाणचं पुस्तक दुसरीकडून मागवता येतं. मी मुलासाठी तिथून चित्रांची पुस्तकं आणायचे, आणि त्यातून त्याच्याआधी माझंच वाचन सुधारलं. पानावर एक वाक्य, बाजूला चित्र, शब्दकोश लागतच नाही. मिस्टर सुट्टीवर येताना दुकानातून अशी दोन-तीन घेऊन आले तर आत्तापासूनच मुलीला वाचून दाखव. ती इथे स्कुओला देल्लिन्फान्त्सियात, म्हणजे बालवाडीत जाईल तेव्हा तिला निदान रंग, प्राणी आणि 'पाणी हवंय' एवढं येत असेल.

आणि पहिल्या महिन्यात जे शब्द कागदांवर दिसतात ते आत्ताच ओळखीचे करून ये: कोदिचे फिस्काले (करासाठीचा ओळख क्रमांक), तेस्सेरा सानितारिया (आरोग्य कार्ड), पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो (राहण्याचा परवाना), क्वेस्तूरा (पोलिसांचं मुख्य कार्यालय), पेदियात्रा (मुलांचे डॉक्टर). मिस्टरांकडे यातले बहुतेक कागद असतील. त्यांचे फोटो मागव आणि वरचे रकाने वाचत बस. कोन्योमे म्हणजे आडनाव, नोमे म्हणजे नाव, लुओगो दी नाशिता म्हणजे जन्मठिकाण. मुलीचे फॉर्म भरताना हेच रकाने पुन्हा पुन्हा येतात.

म्हातारी माणसं ब्रेशियाची बोलीभाषा बोलतात. ती कळली नाही म्हणून घाबरू नकोस, पुस्तकातलं इटालियन बोललीस की तीही तसंच उत्तर देतात.

---

म्हापशाची मास्तरीण (म्हापसा)

साखळीच्या ताईंनी वाचनालयाचं सांगितलं ते फार मोलाचं. चित्रांची पुस्तकं मीही माझ्या विद्यार्थिनींना वाचायला देते, पण कागदांवरचे रकाने वाचायचं मला सुचलं नव्हतं, आता शिकवताना घेईन.

मोठ्या सासऱ्यांचं. आधी पोर्तुगीज, मग इटालियन असं करू नकोस. हातात काही महिनेच आहेत, आणि जवळच्या दोन भाषा एकदम सुरू केल्या की नवशिक्याच्या तोंडात त्यांची भेसळ होते. पण त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे आणि ते जरूर घे. पोर्तुगीजमध्ये एल-एच आणि एन-एच लिहून जे उच्चार होतात, तेच इटालियनमध्ये जी-एल-आय आणि जी-एन लिहून होतात. फामील्या, बान्यो यांतले हे उच्चार पुस्तकावरून लवकर जमत नाहीत. सासऱ्यांना समोर बसवून म्हणून घे, त्यांच्या जिभेवर ते तयार आहेत. धड्यातला उताराही त्यांना वाचायला दे. अर्थ ते बराचसा लावतील आणि तुला सांगतील. अभ्यासाला घरात सोबत मिळेल, आणि त्यांचं मनही राहील.

एकाच बाबतीत त्यांचं ऐकायचं नाही. लिस्बनच्या वळणाच्या पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटचा स्वर गिळतात. इटालियनमध्ये तो पूर्ण उच्चारायचा असतो, कारण लिंग आणि वचन त्याच स्वरात आहे. बाम्बीनो, बाम्बीना, बाम्बीनी, बाम्बीने. शेवट गिळलास तर मुलगा की मुलगी, एक की अनेक, समोरच्याला काहीच कळणार नाही. दवाखान्यात मुलीबद्दल बोलताना तर हे फार जपायला हवं.

मिस्टरांचं. त्यांनी जरूर बोलावं, रोज बोलावं. कारखान्यातलं बोलणं 'तू'चं असतं, सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. तुला मात्र डॉक्टर, शिक्षिका, क्वेस्तूरातला अधिकारी यांच्याशी 'लेई' वापरावं लागेल, म्हणजे आपलं 'तुम्ही', 'आपण'. त्याला क्रियापद 'ती'चं लागतं. म्हणून फोनवर एक दिवस नवरा-बायको म्हणून बोला, दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टर व्हायचं आणि तू मुलीला घेऊन आलीस असं धरून 'लेई'ने बोलायचं. ताप किती आहे, केव्हापासून, काय खाल्लं, कुठलं औषध दिलं. मिस्टरांना 'लेई'ची सवय नसेल तर तेही यातून शिकतील.

एक गोष्ट आधी सांगायची राहिली: आघात. आपण देवनागरीत उच्चार लिहून घेतो तेव्हा कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा ते त्यात दिसत नाही. 'आबितानो' म्हणजे ते राहतात. आपल्या तोंडाला 'ता' लांबवावासा वाटतो, पण जोर पहिल्या 'आ'वर आहे. 'तेलेफोनो'त तो 'ले'वर. बहुतेक शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, तिथे काही करायचं नाही. तसा पडत नाही त्या शब्दांत जोराच्या अक्षराखाली पेन्सिलीने टिंब दे. शेवटच्या अक्षरावर जोर असेल तर इटालियन लोक स्वतःच वर खूण देतात, 'चित्ता' (शहर) सारख्या शब्दांत ती दिसेल.

देवनागरीचा आधार पहिल्या पाच-सहा धड्यांपुरताच ठेव. रोमन अक्षरांचे नियम थोडके आणि पक्के आहेत, ते हाताशी आले की देवनागरी लिहिणं बंद कर, नाहीतर वाचनाचा वेग वाढणार नाही.

मिस्टर पुस्तक घेऊन आले की इथे कळव. पहिल्या धड्याचं तुझं रेकॉर्डिंग मला पाठव, मी ऐकून कुठे काय बसतंय ते सांगेन. त्याचे पैसे वगैरे काही नाहीत. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला येत असशील तर घरीही ये, दुपारी मी मोकळीच असते.